पुसायलाही जागा लागते
समजा, करंजा बंदरावरच्या एका नाखव्याने हिशेबवहीला नियम घातला : खाडाखोड करायची नाही. नोंद बदलायची तर सबंध पान कोऱ्या पानावर दुरुस्त करून उतरवायचे, अनुक्रमणिकेत नवा पानक्रमांक घालायचा आणि मगच जुने पान मोकळे समजायचे. वही गच्च भरली, तर एक नोंद काढण्यापुरतेही कोरे पान उरणार नाही!

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत २००१ साली जिच्यावर काम सुरू झाले, ती संगणकाची ‘झेडएफएस’ ही फाइलव्यवस्था अशीच चालते. लिहिताना वीज गेली, तरी जुने पान शाबूत असते. हा तिचा मोठाच गुण. पण वापरणाऱ्याला नेमून दिलेली जागा संपली, की फाइल खोडण्याची आज्ञाही कधीकधी ‘जागा नाही’ म्हणून नाकारली जाते. कारण खोडणे म्हणजे फाइलींच्या यादीचे नवे पान लिहिणेच.

अशा वेळी नको असलेली एखादी मोठी फाइल आधी रिकामी करतात, म्हणजे तिची लांबी शून्यावर आणतात. यादीतले नाव तसेच राहते, आतला मजकूर मात्र जागा सोडतो. मग खोडणे जमते.

पण त्या फाइलीचा ‘स्नॅपशॉट’ आधी घेतलेला असेल, तर हीही युक्ती फसते. स्नॅपशॉट जुनी पाने धरून ठेवतो. तो काढल्याशिवाय ती मोकळी होत नाहीत.