जमीन थांबते, मन का थांबत नाही?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील गावे गणपतींचे विसर्जन करून झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या आणि ७ हजारांहून अधिक माणसे दगावली. पुढे कित्येक महिने लहान धक्के बसत राहिले.

असे मागाहूनचे धक्के मनालाही बसतात. ते कसे?

संकट जाणवताच मेंदूतील अमिग्डला हा बदामाच्या आकाराचा भाग इशारा देतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रिनॅलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठतात. ही जीव वाचविण्याची तयारी होय. संकट सरले तरी ही यंत्रणा काही काळ सावधच राहते. म्हणून दार आपटले तरी आपण दचकतो, झोप लागत नाही, तेच दृश्य पुनःपुन्हा डोळ्यांसमोर येते. हे वेड नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. घरच्यांची सोबत मिळाली, शाळा व खेळ पुन्हा सुरू झाले, की बहुतेकांची ही अवस्था काही आठवड्यांत ओसरते.

मात्र महिना उलटूनही त्रास कमी झाला नाही, अभ्यास आणि जेवणखाण बिघडले, तर डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे वाटले, तर एक दिवसही थांबू नये. हाड मोडल्यावर ‘जुळेल आपोआप’ म्हणून आपण घरी बसतो का? मानसोपचारतज्ज्ञ भीतिदायक आठवणींना सुरक्षित जागी, हळूहळू सामोरे जायला शिकवितात. प्रत्येक वेळी औषध लागतेच असे नाही. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

तुमच्या वर्गात असा मित्र असेल तर? ‘विसर आता’ असे म्हणू नका. ‘काय काय पाहिलेस?’ असे खोदूनही विचारू नका. शेजारी बसा, तो बोलला तर ऐका आणि विश्वासातल्या शिक्षकांना सांगा. शिक्षकांनीही एकाएकी गप्प झालेल्या किंवा चिडचिड्या झालेल्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी त्याची विचारपूस करावी.

भूकंपात टिकणारी घरे बांधण्याचे शास्त्र आहे, तसेच हादरलेले मन सावरण्याचेही आहे. त्याची मदत मागण्यात संकोच कशाला?