गोगलगाय उन्हाळ्यातच शोधावी

मिरगाचा पाऊस पडतो, सोयाबीन उगवून दोन दलं उघडतं आणि एका सकाळी वावरात जाऊन पाहावं तर तासच्या तास रिकामे. अशा वेळी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पहिला संशय जातो तो बियाण्यावर. मेहकर तालुक्यात पेनटाकळीच्या कालव्याला लागून माझ्या साडूंचं वावर आहे, तिथे हेच झालं. ‘बोगस बॅग गळ्यात मारली’ म्हणत ते तक्रारीचा अर्ज लिहायला बसले होते. त्यांच्याकडे निंदणाला येणाऱ्या एका मावशींनी तासातली माती बोटाने उकरली आणि एक हिरवट खुंट वर काढून त्यांच्या हातावर ठेवला. “भाऊ, बी तं उगवलं व्हतं. हे पाहा, वल्लं हाये अजून. रातच्याला बॅटरी घेऊन या, मंग दिसन कोनं खाल्लं ते.”

रात्री आम्ही दोघं गेलो. धुऱ्यापासून चार-पाच हातांच्या पट्ट्यात, बॅटरीचा झोत पडेल तिथे, तपकिरी पट्ट्यांचे निमुळते शंख हलत होते. एका रोपाजवळ मी उकिडवा बसलो. गोगलगाय चावत नाही, खरवडते. तिच्या तोंडात कानसेसारखी जीभ असते, तिच्यावर बारीक दातांच्या रांगाच रांगा. दलाच्या कडेला तोंड लावून ती मान खालून वर नेते, प्रत्येक वेळी दल किंचित थरथरतं आणि कड थोडी आत सरकते. दोन्ही दलं संपली की मधला कोंब. कोंब गेला की रोप गेलं, त्याला पुन्हा फूट येत नाही. रोप चांगलं वर निघालं, पानं पसरली की पाच-पंचवीस भोकांनी त्याचं काही बिघडत नाही. म्हणजे सगळा धोका उगवणीनंतरच्या आठ-दहा दिवसांत.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी, आणि दुबार पेरणीची बॅग आणण्याच्याही आधी, खाणारा कोण ते ठरवा. पहाटे दव असताना गेलात तर मातीवर आणि पानांवर वाळलेल्या शेंबडासारखे चकचकीत पट्टे दिसतील. ती गोगलगाय. पट्टा नाही, पण हात लावताच पैशासारखी वेटोळी होणारी लालसर-काळी वाणी मातीत सापडते आहे, तर दुखणं वेगळं. वाणी फुगलेलं बी आणि जमिनीलगतचं खोड कुरतडते. रोप बुडातून कापून आडवं पडलं असेल तर जवळच मातीत मुडपून पडलेली अळी शोधा. तिघींची वेळ एकच, रात्रीची, त्यामुळे घोटाळा होतो आणि दुकानात जाऊन माणूस भलतंच औषध घेऊन येतो. साडूंच्या शेजाऱ्याने तर संशयावरच कीटकनाशकाचे दोन पंप फवारले. गोगलगाय हा कीटक नाही. पानावरच्या फवाऱ्याने तिचं फारसं बिघडत नाही. मरतात ते बिचारे तिला खाणारे: पावसाळ्यात जमिनीवर मिणमिणत सरपटतात ना, त्या काजव्याच्या अळ्या गोगलगायीवरच वाढतात.

माझं स्वतःचं वावर नाही. बुलढाण्यात, घाटाच्या कडेच्या वस्तीत घर आणि घराभोवती बाग आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्यामुळे जिल्ह्यात बाकी ठिकाणी ऊन पडलेलं असतं तेव्हाही आमच्याकडे राजूर घाटातून धुकं चढून येतं आणि श्रावणात अंगणातली फरशी दिवसदिवस वाळत नाही. गोगलगायीला आणखी काय हवं? तिच्या अंगात बहुतेक पाणीच, कातडीला मेणाचा लेप नाही, ऊन लागलं की वाळते. ओल असेल तिथे ती राज्य करते. झेंडू, पपईची रोपं, वांगी, दोडक्याचे कोवळे शेंडे, कोथिंबीर, सगळं तिला चालतं. आणि चुना. गोठ्याच्या जुन्या भिंतीवरचा चुना खालून हातभर उंचीपर्यंत खरवडल्यासारखा दिसायचा, तेव्हा आम्हाला वाटायचं ओल मारते आहे. शंख बांधायला तिला चुना लागतो, तो ती भिंतीवरून खाते.

ही मोठी शंखी गोगलगाय इथली नव्हेच. ती पूर्व आफ्रिकेतली. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशिंपल्यांच्या इंग्रज अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या चौरंगीतल्या एका बागेत सुटल्या. एका हौशी माणसाचा हा उद्योग. तिथून पुढे ती स्वतःच्या पायाने आली असती तर विदर्भात पोचायला तिला युगं लागली असती. तिला आपण आणलं. रोपांच्या पिशव्यांतून, शेणखताच्या ट्रॉलीतून, विटांच्या आणि वाळूच्या गाडीतून, बाजारातल्या पाल्याच्या गाठोड्यातून. माझ्या बागेत ती एका रोपवाटिकेतून आणलेल्या पिशव्यांबरोबर आली, याबद्दल मला शंका नाही, कारण त्या पिशव्या ठेवल्या होत्या त्याच कोपऱ्यात पहिली पिल्लं दिसली. पिशवी फाडून पाहिली असती तर मातीत बोटभर खोल साबुदाण्याएवढ्या, पिवळसर पांढऱ्या गोळ्यांचा पुंजका सापडला असता. ती अंडी. एका वेळी शंभर ते चारशे. नर-मादी एकाच देहात, त्यामुळे जोडीतल्या दोघीही अंडी घालतात. साधारण आठ-पंधरा दिवसांत पिल्लं बाहेर, आणि मोठी गोगलगाय सहज तीन-चार वर्षं जगते. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की जुलैमध्ये औषधाच्या दुकानाकडे धावण्यात अर्थ का नाही ते कळतं.

शंख नसलेली काळपट, चामड्यासारखी शेंबीही आमच्याकडे आहे. कुंडीच्या बुडाला चिकटलेली असते. तिला उपाय तेच, फक्त ती शोधायला अधिक अवघड, कारण फटीत कुठेही मावते. बारीक, नखाएवढ्या शंखाच्या गोगलगायी मात्र कुजक्या पानांवर जगतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही.

आता ऐकीव उपायांबद्दल. अंड्याची टरफलं चुरून रोपाभोवती टाका, असं ज्याला त्याला सांगायची सवय आहे. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसच्या रोपांवर टरफलं, तांब्याची पट्टी, बारीक खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या असे अडसर लावून पाहिले; उघड्या रोपांइतकंच नुकसान झालं. आणि जी बाई भिंतीचा चुना खाते तिला टरफलं घालणं म्हणजे ताटात लोणचं वाढणंच. दुसरा उपाय मिठाचा. गोगलगायीवर मीठ टाकलं की ती मरते हे खरं, पण वाफ्यात मूठमूठ मीठ फेकणाऱ्याच्या वाफ्यात पुढे भाजीही नीट येत नाही. मीठ बादलीत, मातीत नाही. राख आणि कोरडी चुनखडी यांचा वीतभर पट्टा वाफ्याच्या किंवा धुऱ्याच्या कडेने ओढला तर तो कोरडा असेतोवर अडवतो. आपल्याकडे आर्द्रात तो किती वेळ कोरडा राहणार? एक सर आली की नवा पट्टा. शेडनेटच्या आत मात्र याचा खरोखर उपयोग होतो. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाची शेडनेट आहेत, आत ओल आणि सावली कायमची, पण नेटच्या बाहेरून पट्टा मारून दार घट्ट ठेवलं तर निम्मी लढाई तिथेच जिंकता येते.

उरलेली लढाई गोणपाटाची. यासारखा स्वस्त आणि भरवशाचा उपाय मला दुसरा ठाऊक नाही. जुनी गोणपाटाची पोती घ्या. प्लास्टिकची नकोत, ती पाणी धरत नाहीत. गुळाच्या पाण्यात भिजवा. गुळाचं पाणी रात्रभर आंबू दिलं तर अधिक चांगलं, त्या वासाला गोगलगाय लांबून येते. (परदेशी बागकामाच्या पुस्तकांत यासाठी बिअर सांगतात. आमच्या गावात हे कुणाला सांगितलं तर बिअर बागेपर्यंत पोचणार नाही.) संध्याकाळी सात-आठच्या सुमारास पोती धुऱ्याला, वाफ्याच्या टोकाला, उकिरड्याजवळ पसरून ठेवा. रात्रभर चरून झाल्यावर ऊन टाळायला गोगलगायी त्याच पोत्यांखाली शिरतात. सकाळी ऊन चढायच्या आत पोतं उचला. खालच्या बाजूला झुपका लागलेला असतो. मोठ्या हाताने, बारीक पिल्लं खराट्याने बादलीत. बादलीत मिठाचं किंवा साबणाचं दाट पाणी. तासाभराने त्या खड्ड्यात टाकून वर चुना आणि हातभर माती. खड्डा न करता उकिरड्यावर फेकल्या की वास सुटतो, आणि पाणी पुरेसं खारट नसेल तर निम्म्या उठून चालू लागतात. रिकामे शंखही उघड्यावर पडू देऊ नका, त्यांत पावसाचं पाणी साचून डास होतात.

हातमोजे घाला, नाहीतर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. हा शहरी नाजूकपणा नव्हे. उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या या गोगलगायीत वाढतात आणि माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. पावसाळ्यात बागेतली कोथिंबीर, पुदिना, काकडी कच्ची खायची तर एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पोरांना शंख गोळा करायला धाडू नका. त्यांना मजा वाटते आणि हात न धुता ती जेवायला बसतात.

औषध आहे. मेटाल्डिहाइड, अडीच टक्के, गोळ्यांच्या स्वरूपात. एकरी दोन किलो असं प्रमाण सांगतात. ते धुऱ्याकडेने, गोगलगायींच्या वाटेवर, संध्याकाळी आणि पाऊस नसताना टाकायचं. पण या गोळ्यांत आमिष म्हणून धान्याचा भाग असतो आणि तो कुत्र्यालाही तितकाच आवडतो. आमच्या गल्लीत एका घराने कुंड्यांच्या रांगेत गोळ्या उघड्या पसरल्या होत्या. गल्लीत सगळ्यांच्या दारी जेवणारं एक तांबडं कुत्रं दुपारी माझ्या फाटकाशी आलं ते पाय ताठ करून, अंगभर कंप, डोळे फिरलेले, आणि अंग हाताला चटका बसेल इतकं तापलेलं. आम्ही त्याला पोत्यावर घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. या विषावर खास उतारा नाही, आकडी थांबवायची आणि ताप उतरवायचा एवढंच हातात असतं. लवकर नेलं म्हणून ते वाचलं. गाई-बकऱ्या, कोंबड्या, सगळ्यांना हाच धोका. गोळ्या टाकायच्याच असतील तर फुटक्या माठाचा तुकडा किंवा नळीचा तुकडा पालथा घालून त्याच्याखाली टाका, उरलेलं पाकीट कुलपात ठेवा, आणि दुकानदार काय म्हणतो यापेक्षा पाकिटावर कुठल्या पिकासाठी लिहिलं आहे ते वाचा. शंका असेल तर बुलढाण्याच्या किंवा जळगाव जामोदच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस तिथे समजते.

इंग्लंडने हेच औषध ३१ मार्च २०२२ नंतर उघड्यावर वापरायला बंदी केली. त्याच महिन्यात तिथल्या त्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने गोगलगायीला यापुढे कीड म्हणायचं नाही असंही जाहीर केलं. आणि त्याच पावसाळ्यात आमच्या शेजारच्या मराठवाड्यात, लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत, शंखी गोगलगायींनी सोयाबीन असं फस्त केलं की लोकांना दोनदा-तीनदा पेरावं लागलं आणि सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली. इंग्लंडच्या गोगलगायी बहुतेक तिथल्याच, त्यांना खाणारे हजर. आपली पाहुणी आहे, तिला ओळखणारे इथे थोडे. भारद्वाज तेवढा तिला शंखातून ओढून खाताना मी पाहिला आहे. त्याच्यासाठी कुंपणाची दाट झुडपं ठेवा. नुसत्या भारद्वाजावर मात्र विसंबू नका.

खरं काम एप्रिल-मे महिन्यांतलं, आणि ते कुणी करत नाही, कारण तेव्हा गोगलगाय दिसत नाही. ती मेलेली नसते. शंखाच्या तोंडावर पांढरा, खडूसारखा पडदा ओढून ती दगडाखाली, तुराट्यांच्या ढिगाखाली, विटांच्या थप्पीत, शेणखताच्या कडेला, बांधावरच्या बिळात झोपलेली असते. महिनोन् महिने तशी राहू शकते. एप्रिलमध्ये हलवली तरी पळत नाही. एकेका दगडाखाली दहा-बारा सापडतात, घमेलं भरतं. खोल नांगरट करून वावर उन्हात तापू दिलं की मातीतली शिल्लकही उघडी पडते. साडूंनी पुढच्या उन्हाळ्यात कालव्याकडचा धुरा साफ केला, तुराट्या उचलल्या, दगड उलटवले. त्या खरिपात त्यांना पोती पसरावी लागली ती फक्त एका कोपऱ्यात. आणि पहिल्या पावसानंतरचा आठवडा रात्री बॅटरी घेऊन फिरायचा. नुकत्या जाग्या झालेल्या या गोगलगायी अंडी घालायच्या आधी हातात आल्या पाहिजेत. तेव्हा उचललेली एक म्हणजे ऑगस्टमधल्या शे-दोनशे कमी.

रोपं विकत आणली की पिशवी बागेत नेण्याआधी फाडा, मुळांची माती चाळा, पिशवीच्या घड्या पाहा. शेणखताची ट्रॉली वाफ्यात रिकामी न करता कोरड्या फरशीवर उन्हात पसरून मग वापरा.

यातलं सगळं केलंत आणि शेजारी गप्प बसला तर आषाढात त्याच्या कुंपणातून येतातच. वावरात निदान धुऱ्यापलीकडचा शेतकरी ओळखीचा असतो. त्याला घेऊन एकाच संध्याकाळी दोघांनी पोती टाकता येतात. शहरात पंचाईत. आमच्या लेआउटमध्ये दर दोन घरांमागे एक रिकामा प्लॉट, त्यात छातीएवढं गाजरगवत आणि लोकांनी टाकलेला राडारोडा. बरेच जण बागेतल्या गोगलगायी सकाळी उचलून तिथेच भिरकावतात, रात्री त्या परत येतात. आम्ही गल्लीतल्यांनी मेमध्ये वर्गणी काढून तो राडारोडा उचलला, गवत फुलायच्या आत उपटलं. प्लॉटच्या मालकाला कळवावं म्हणून त्याचा पत्ताही काढायला निघालो होतो. दगडाखालची गोगलगाय सापडते, तो काही सापडला नाही.