धारेत हयगय नको

अगं, विस्कॉन्सिनात धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतोय आणि यंदा तू पहिल्यांदाच हरणासाठी रानात बसणार आहेस. हंटर एज्युकेशनचा वर्ग झाला, लायसन्स झालं, वीस यार्डांवर बाण वीतभर जागेत बसायला लागले. ते सगळं छानच झालं. पण परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, ब्रॉडहेड काय, दुकानदार देईल ते घेते," तेव्हापासून माझ्या मनाला चैन नाही. तसं करू नकोस. धनुष्य निवडताना महिनाभर घोळ घातलास ना, त्यातला थोडा तरी वेळ बाणाच्या टोकावरच्या या पात्याला दे.

आईने तुला विचारलं होतं, "त्या मुक्या जनावराला किती यातना होत असतील गं?" आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद, तेव्हा तिला हे सगळं परकं वाटणारच. पण तिचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर बरंचसं तुझ्या पात्यावर अवलंबून आहे. बंदुकीची गोळी वेगाच्या जोरावर आजूबाजूचं मांसही फाडत जाते. बाणाला तेवढा वेग नसतो, त्याला फक्त कापता येतं. दोन्ही फुप्फुसं आणि तिथल्या मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ कापल्या गेल्या, की रक्तदाब एकदम उतरतो आणि हरीण थोडंसं धावून काही सेकंदांत कोसळतं. कित्येकदा आपल्याला काय झालं हेही त्याला उमगत नाही. तेच पातं बोथट असेल तर ते जनावर जखम घेऊन रात्रभर रानात फिरतं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. जीव घ्यायचा ठरवलाच असेल, तर तो नीट घ्यायची जबाबदारीही आपलीच, एवढंच.

बोथट विळीवर पिकलेला टोमॅटो धरून बघ. साल कापली न जाता आत दबते. रक्तवाहिन्यांचंही तसंच होतं. त्या लवचीक असतात, बोथट कडेपुढे बाजूला सरकतात. शिवाय चेंदामेंदा झालेल्या जखमेत रक्त लवकर गोठतं, आणि स्वच्छ कापातून ते वाहत राहतं. विस्कॉन्सिनच्या नियमातसुद्धा हरणासाठीचं पातं धातूचं, किमान ७/८ इंच रुंद आणि चांगली धार लावलेलं असावं असं आहे. म्हणजे धार हा नुसता हौसेचा भाग नाही, कायद्याचाही आहे.

आता तुझ्या धनुष्याकडे येऊ. तुझं धनुष्य ४२ पौंडांच्या ताणाचं आणि ओढ २६ इंचांची. इथल्या किमान ३० पौंडांच्या अटीत ते आरामात बसतं आणि हरणासाठी पुरेसंही आहे, यात शंका नको. पण क्लबातली पुरुष मंडळी ७० पौंड आणि ३० इंचांच्या ओढीवर बोलत असतात, त्यांचा सल्ला तुला जसाच्या तसा लागू पडत नाही. ओढ कमी म्हणजे दोरी बाणाला ढकलते तो पल्लाही कमी. त्यांच्याकडे उधळायला ताकद शिल्लक असते, तुझ्याकडे नाही.

म्हणूनच मेकॅनिकल ब्रॉडहेड तू घेऊ नकोस. त्याची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागताक्षणी उघडतात. दोन इंचांचा रुंद काप, सरावाच्या साध्या टोकासारखं, म्हणजे फील्ड पॉइंटसारखं, सरळ उड्डाण, जाहिरातीही आकर्षक. पण ती पाती उघडायला लागणारी शक्ती बाणाच्याच खिशातून जाते आणि रुंद काप ओढत न्यायलाही जास्त जोर लागतो. तिरका बाण लागला किंवा बरगडीवर बसला तर अडचण आणखी वाढते. जोरदार धनुष्यावर ती चालतात, कित्येक लोक दरवर्षी वापरतात. तुझ्यासाठी मात्र फिक्स्ड पातं, तेही दोन पात्यांचं आणि टोकापासूनच कापत जाणारं. काही ब्रॉडहेडना पुढे खिळ्यासारखं टोक असतं आणि पाती मागून सुरू होतात. तिथे आधी भोक पाडण्यात जोर जातो. तुला टोकापासूनच धार हवी.

डॉ. एड अॅशबी यांचं नाव तुझ्या कानावर पडेलच. १९८० च्या दशकात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ भागात खऱ्या जनावरांवर बाणांच्या चाचण्या घेतल्या आणि पुढे अनेक वर्षं ते काम चालू ठेवलं. बाण किती खोल जातो हे ठरवणाऱ्या बारा गोष्टी त्यांनी क्रमाने मांडल्या. पहिली, बाण आणि पातं न मोडणं, न वाकणं. दुसरी, बाणाचं निर्दोष उड्डाण. बाकी सगळं त्याच्यानंतर. लांब आणि अरुंद पात्याचीही ते बाजू घेतात, साधारण तीन इंच लांब आणि एक इंच रुंद या प्रमाणात. उतार जितका सौम्य, तितक्या कमी जोरात पातं आत सरकतं. मोठं हाड फोडायला बाण ६५० ग्रेनच्या वर हवा असं त्यांचं म्हणणं आहे, पण ते प्रामुख्याने रेड्याएवढ्या जनावरांचा विचार करतात. व्हाइटटेल हरणासाठी तुला एवढा जड बाण नको.

तुझा सगळा बाण पात्यासकट ४२० ते ४५० ग्रेनच्या आसपास ठेव. ४५० ग्रेन म्हणजे जेमतेम २९ ग्रॅम. हलका बाण जोरात सुटतो खरा, पण लागल्यावर लवकर दमतो. जड बाण त्याच धनुष्यातून थोडा सावकाश निघतो आणि आत शिरल्यावर पुढे जात राहतो. पातं १२५ ग्रेनचं घेतलंस तर पुढचं वजन वाढून बाण सरळ राहायलाही मदत होते. फक्त बाणाचा स्पाइन, म्हणजे कडकपणा, त्या वजनाला जुळतोय ना, हे दुकानात तपासून घे.

पातं चढवल्यावर बाण उभा धरून त्याचं टोक कठीण पृष्ठभागावर टेकव आणि फिरव. टोक एका जागी स्थिर फिरलं तर ठीक, डोलत असेल तर ते पातं किंवा ते ज्यात बसतं तो इन्सर्ट बदल. मग वीस यार्डांवर एकदा फील्ड पॉइंट आणि एकदा ब्रॉडहेड सोडून बघ. ब्रॉडहेड डावीकडे लागत असेल, तर बाण टेकतो तो अॅरो रेस्ट अगदी केसभर उजवीकडे सरकव. दोन्ही एकाच जागी बसेपर्यंत हे करायचं. वाकडातिकडा जाणारा बाण, कितीही धारदार पातं लावलं तरी, आडवा होऊन आपली अर्धी ताकद गमावतो.

आता धार. यासाठी संध्याकाळ मोकळी ठेव आणि मन शांत असू दे. हातात जाड हातमोजे, पातं धरायला क्लॅम्प किंवा जुन्या बाणाचा आखूड तुकडा. उघडं पातं नुसतं बोटात धरून कधीही धार लावू नकोस.

आधी काळ्या मार्करने धारेचा उतार रंगव. मग डायमंड स्टोनवर पातं टेकवून एक-दोनदा हलकेच पुढे ने आणि बघ, रंग कुठून गेला. कडेशी शाई राहिली असेल तर कोन फारच सपाट झालाय. फक्त कडेचीच शाई गेली असेल तर कोन जास्त उभा आहे. संपूर्ण उतारावरची शाई एकसारखी निघाली की तुझा कोन बरोबर. फार बोथट पात्याला सुरुवातीला कानस लागते, नाहीतर खरबरीत दगड पुरतो. एकाच दिशेने घासत राहा, घाई नको. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने नख फिरवलंस तर ते अगदी बारीक अडखळेल. कडेवर धातू वळून आलाय, त्याची ती खूण. टोकापासून मागच्या टोकापर्यंत ती सलग लागली पाहिजे. मध्येच तुटली तर तिथे अजून धार निघालेली नाही.

मग दुसरी बाजू तशीच. नंतर बारीक दगडावर दोन्हीकडून आलटून पालटून, दर खेपेला जोर कमी करत. शेवटी लाकडाच्या फळीवर चिकटवलेल्या जुन्या चामडी पट्ट्यावर पॉलिशिंग पेस्ट लावून पातं मागे ओढ. धार पुढे ढकलायची नाही, चामडं कापलं जाईल. कानशीचे दाते मुद्दाम ठेवून खरखरीत धार पसंत करणारी जुनी मंडळी आहेत. अॅशबींच्या चाचण्यांत मात्र चामड्यावर घासून गुळगुळीत केलेली धारच सरस ठरली.

एका बाजूनेच उतार असलेलं, सिंगल बेव्हल पातं घेतलंस तर काम आणखी सोपं. उतार एकाच बाजूला घासायचा, दुसरी सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून वळलेला धातू हलकेच काढायचा. ते पातं आत शिरताना फिरतं आणि हाड लागलं तर ते तडकवतं. पिसं ज्या बाजूने वळवलेली असतील, उतारही त्याच बाजूचा हवा. राइट हेलिकल पिसांना राइट बेव्हल.

धार निघाली की नाही, हे डोळे सांगतात. दिव्याखाली पातं कडेकडून बघ. कुठेही प्रकाशाची बारीक चकाकी दिसली, तर तिथे ते बोथट आहे. खऱ्या धारेवरून प्रकाश परत येत नाही. मग खोक्यावर रबरबँड सैलसर ताणून त्यावर पात्याची कड टेकव. जोर न लावता ते तुटलं पाहिजे. दाबावं लागलं तर पुन्हा दगडाकडे.

सरावाची पाती वेगळी ठेव. फोमच्या टार्गेटमध्ये एकदा गेलेलं पातं नव्याने धार लावल्याशिवाय शिकारीच्या बाणावर चढवायचं नाही. क्विव्हरच्या, म्हणजे भात्याच्या, टोपीतला फोमही ये-जा करताना धार खातो आणि ओलसर हवेत गंज चढतो, म्हणून कडेवर व्हॅसलिनचा पातळ थर दे. झाडावरच्या स्टँडवर चढताना धनुष्य दोरीने मागून ओढून घे. पातं लावलेला बाण हातात घेऊन शिडी चढू नकोस, ही माझी शपथ समज.

आणि बाण सुटायच्या वेळी हरीण आडवं किंवा मागून थोडं तिरकं उभं असू दे. तुझ्याकडे तोंड करून असेल तर थांब. बाण लागल्यावर रक्ताचा रंग बघ. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबून माग काढ. गडद लाल असेल तर यकृत, कित्येक तास थांब. हिरवट आणि दुर्गंधी असेल तर आतडं, त्याहूनही जास्त. घाईने मागे लागलीस तर ते उठून पळतं आणि मग हाती लागत नाही.

निघायच्या आदल्या रात्री क्विव्हरमधल्या प्रत्येक पात्यावर रबरबँड फिरव. एखादं नापास झालं तर ते घरी ठेव. सगळीच नापास झाली तर तू घरी राहा. त्या सकाळी वारा कितीही अनुकूल असला तरी राहा, हरणं काही पळून जात नाहीत, हंगाम जानेवारीपर्यंत आहे.