पेट्रोलचा अंक

दीर्घकाळ अमेरिकेत राहून २०२१ साली आनेकलला स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने टर्बो इंजिनाची एक वापरलेली मोटार विकत घेतली, आणि तिच्या अमेरिकी आवृत्तीच्या पुस्तिकेत ‘किमान ९१ ऑक्टेन’ असे नमूद असल्याचे पाहून, आपल्याकडील साध्या पेट्रोलचा किमान अंकही तेव्हा ९१च असल्यामुळे, निःशंक मनाने तेच भरण्याचा परिपाठ ठेवला. चंदापुऱ्याहून येऊन इलेक्ट्रॉनिक सिटीचा उड्डाणमार्ग चढू लागले, की माणसांनी भरलेल्या त्या गाडीच्या इंजिनातून ठकठक ऐकू येई. प्लग बदलून झाले, इंजेक्टर साफ करून झाले, पण ठोका हटेना.

शहानिशा करता असे दिसले, की दोन्ही देशांतील ९१ एक नव्हेत. आपला अंक ‘रिसर्च’ पद्धतीने (आरओएन), तुलनेने सौम्य परिस्थितीत काढलेला असतो. अमेरिकी पंपावरचा अंक म्हणजे त्याची आणि अधिक कठोर अशा ‘मोटर’ पद्धतीच्या अंकाची सरासरी, आणि म्हणून तिकडचे ९१ म्हणजे आपले सुमारे ९५-९६, तर आपले ९१ म्हणजे तिकडचे ८७ च्या आसपास.

हा अंक शक्तीचा दाखला नव्हे. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य मानून केलेले हे मोजमाप एवढेच सांगते, की ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच, दाबाने व उष्णतेने मिश्रणाचा उरलेला भाग अवेळी पेटून दट्ट्यावर आघात करण्याच्या प्रवृत्तीस ते इंधन किती विरोध करते. उदाहरणार्थ, इथॅनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलहून बराच वरचा, परंतु दर लिटरमागे त्याची ऊर्जा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते.

आनेकलसारख्या सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठारावर हवा विरळ असल्याने साध्या इंजिनास थोडी सवलत मिळते; टर्बो मात्र ती विरळता बहुतांशी भरून काढतो, त्यामुळे त्यास ती सवलत नाही. हल्लीची इंजिने ठोक्याची चाहूल लागताच ठिणगी उशिरा देतात, तेव्हा कानाला काही ऐकू येण्यापूर्वीच जोर घटून पेट्रोलचा खप वाढू लागतो.

यास्तव भारतातील आवृत्तीचीच पुस्तिका पाहावी, अंकापुढे ‘आरओएन’ लिहिले आहे की नाही ते तपासावे, आणि ती ९१ मागत असल्यास महागड्या पेट्रोलावर पैसा व्यर्थ घालवू नये. टाकी कमी अंकाच्या पेट्रोलाने भरलीच असेल, तर चढावर खालचा गिअर घालून पाय हलका ठेवावा. पुतण्याने ९५ चे पेट्रोल भरताच ठोका थांबला. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना पेट्रोलात मिसळलेले वीस टक्के इथॅनॉल सोसेल काय, हा प्रश्न ऑक्टेनचा नाही. त्याची चौकशी स्वतंत्रपणे करावी.