पस्तिशीच्या आत ये, बाई

आधी तुझं वय सांग. दाखल्यावरचं सांग, आईने ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली’ म्हणून सांगितलेलं नको. आपल्या भागात कित्येकींची जन्मतारीख मास्तरांनी नाव घालताना १ जून टाकून दिलेली असते, आणि नर्सिंगच्या प्रवेशाला तीच धरतात.

वय आधी विचारते, कारण बाकी सगळ्या अडचणींना काही ना काही वाट निघते, ह्या एकीला निघत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाने एएनएम काय नि जीएनएम काय, ह्या दोन्ही नर्सिंग कोर्सना प्रवेशाचं वय १७ ते ३५. तू बत्तीस-तेहतीसची असशील आणि ‘धाकटा शाळेत रुळला की बघू’ म्हणत असशील, तर ते ‘बघू’ तुला परवडणारं नाही गं. धाकटा रुळेल, मग सासूबाईंचे गुडघे निघतील, मग नणंदेचं लग्न. वावरातली कामं तर बाराही महिने असतात. तिशी ओलांडून मी नर्सिंगला गेले तेव्हा घरची कुठलीच अडचण मिटलेली नव्हती. अडचणी होत्या तशाच ठेवून गेले.

हिशेब मांडून बघ. तेहतिसाव्या वर्षी जीएनएमला बसलीस तर तीन वर्षांनी, छत्तिशीत बाहेर पडशील. राज्य सरकारच्या नोकरभरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. खुल्या प्रवर्गात असशील तर भरतीची एखाददुसरी जाहिरातच तुझ्या वाट्याला येईल. म्हणून अशा वेळी मी एएनएमचाही विचार करायला सांगते. तो दोन वर्षांचा. पुढे उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून काम मिळतं, आणि एक मोठी सोय आहे जी कोणी सांगत नाही: एएनएम झालेल्या बाईला नंतर जीएनएमला जायचं असेल तर वयाची अट नाही. पस्तिशीच्या आत एकदा त्या दारातून आत गेलीस की पुढचं दार बंद होत नाही. अर्थात मार्क चांगले असतील, वय हाताशी असेल, तर सरळ जीएनएम कर. अधिपरिचारिकेच्या जागेला जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग लागतं, आणि पगारात नि पुढच्या बढतीत तो फरक दिसतो.

बारावी झालेली नसेल तर ‘मग राहू दे’ म्हणू नकोस. दहावी पास असशील तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं. कला शाखा चालते, इंग्रजी विषय मात्र हवाच. जीएनएमला बारावीत एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात, तेव्हा अभ्यासाचा जोर इंग्रजीवर लाव. बीएस्सी नर्सिंगला विज्ञान शाखा लागते, त्याच्या मागे आता लागू नकोस.

आता जे सांगते ते नीट ऐक. एसटी स्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर एक पाटी दिसेल: ‘सहा महिन्यांत नर्सिंग, शंभर टक्के नोकरी, वयाची अट नाही.’ घाईत असलेल्या बाईला ह्या तीन गोष्टी बरोबर भिडतात. अशा कोर्सचं प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसेल तर कायद्याने तू नर्स नाहीस. खासगी दवाखान्यात कोणी पांढरा कोट घालून उभं करेल, तुटपुंज्या पैशांत राबवेल, आणि उद्या एखादं इंजेक्शन चुकलं तर डॉक्टर वेगळे होतील, तू अडकशील. मी अशा मुली पाहिल्यात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ज्यांचा माणूस कर्जापायी गेला त्या घरांना शासनाची एक लाखाची मदत मिळायची, त्यातले ७० हजार ठेवीत असायचे. तसली ठेव मोडून बाई असल्या दुकानात भरते तेव्हा माझ्या पोटात कालवतं. प्रवेश घेण्याआधी संस्थेत जाऊन तीन गोष्टी विचार: परिचर्या परिषदेची मान्यता ह्या वर्षाची आहे का, परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असते का, आणि विद्यार्थिनींना कामाचा अनुभव कुठल्या रुग्णालयात देतात. तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडे पैसे भरू नकोस. चांगल्या संस्थेतल्या बाई रुग्णालयाचं नाव तर सांगतातच, वॉर्डही सांगतात.

पस्तिशी उलटून गेली असेल तर खोटं सांगणार नाही, नर्सिंगचं दार बंद आहे. आशा कार्यकर्तीचं काम २५ ते ४५ वयाच्या बाईला मिळतं, तिकडे बघ.

‘आता ह्या वयात काय शिकतं वं माय?’ हे तुला ऐकावं लागेलच. फ्लॉरेन्स नाइटिंगेलला घरच्यांनी वर्षानुवर्षं अडवलं होतं. जर्मनीत कायझर्सवर्थला जाऊन ती रुग्णसेवा शिकली ते १८५१ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, आणि तेही तीनच महिने. आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं आणि त्यातून विधवा बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, त्या काळात ह्यावर काय काय बोललं गेलं असेल! त्या कोवळ्या मुली नव्हत्या. संसार करून, गमावून आलेल्या बायका होत्या. महाराष्ट्रात हे शिक्षण अशाच बायकांना धरून वाढलंय, तेव्हा तू कुणाची जागा अडवत नाहीस.

वर्गात तुझ्या शेजारी अठरा वर्षांच्या पोरी बसतील. त्यांना शरीररचनाशास्त्र एकदा वाचून कळेल, तुला चारदा वाचावं लागेल. लागू दे. पुस्तकं इंग्रजीत असतात, पण वॉर्डातलं इंग्रजी थोडंच आणि तेच तेच असतं. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस गरज पडली तरच. महिनाभरात ते तुझ्या तोंडी बसेल.

गणिताला भिऊ नकोस. डॉक्टरांनी लिहिलं, पाचशे मिलिलिटर सलाइन आठ तासांत द्या. साध्या सेटमधून एका मिलिलिटरचे वीस थेंब पडतात. म्हणजे दहा हजार थेंब, आणि आठ तासांची ४८० मिनिटं. भागलं की मिनिटाला साधारण २१ थेंब. घड्याळ डोळ्यांसमोर धरायचं, चाक फिरवत थेंब मोजायचे, नीट बसले की पुढच्या खाटेकडे. वेचणीचा कापूस काट्यावर ठेवल्यावर व्यापाऱ्याने किलोमागे किती मारले हे तू उभ्या उभ्या सांगतेस. तुला हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये.

आणि तुझ्याकडे जे आहे ते त्या पोरींकडे नाही. २०१७ चा फवारणीचा हंगाम आठव. आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली, शेकडो भरती झाली, वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वॉर्ड भरून गेले. असा रुग्ण आला की अंगावरचे कपडे उतरवायचे, साबणपाण्याने अंग धुवायचं, ॲट्रोपिन सुरू झालं की बाहुल्या बघत राहायच्या, तोंडाला लाळ किती सुटते, छातीत घरघर कमी होते का, नाडी किती, हे पुन्हा पुन्हा टिपायचं. हे सगळं वर्गात शिकवतात. पण ‘कोणतं औषध मारलं, दोन मिसळले का, डबा कुठाय, पंप गळत होता का, सकाळपासून काही खाल्लं होतं का’ हे घाबरलेल्या बायकोला कसं विचारायचं, ते वावरात राबलेल्या बाईला आपसूक येतं. ती बायको तुला खरं सांगेल. उपकेंद्रावरही तसंच. कोलाम पोडावर किंवा बंजारा तांड्यावर लसीकरणाला गेलीस की आई लेकरू मागे ओढते. दीड महिन्याची लस टोचल्यावर रात्री ताप येणार, हे तू दोन लेकरांवरून जाणतेस. ते आधी सांगितलंस तर अडीच महिन्यांच्या लसीला ती स्वतः येईल.

म्हणून त्या पोरींपुढे मोठेपणा मिरवायचा असं मात्र नाही. शिकवणाऱ्या मॅडम तुझ्याहून लहान असतील. इन्चार्ज सिस्टर तुला सगळ्यांदेखत बोलतील की चादरीचा कोपरा सैल आहे, पुन्हा घाल. पुन्हा घाल. सुनेला घरात ऐकून घ्यावं लागतं तसलं ते ऐकून घेणं नाही. सैल चादरीच्या सुरकुतीने निजलेल्या माणसाच्या पाठीला जखम होते, म्हणून त्या बोलतात.

आता लेकरांचं. बहुतेक ठिकाणी वसतिगृहात राहावं लागतं, सकाळ-दुपार-रात्र अशा पाळ्या असतात, आणि दर आठवड्याला दारव्हा नाहीतर वणी गाठणं होत नाही. हे घरी गुळमुळीत सांगू नकोस. नवरा, सासू, आई, जो कोणी लेकरं सांभाळणार त्याच्यासमोर बसून बोल: शाळेची फी कोण भरेल, आजारी पडलं तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं, वेचणीला तुझ्या जागी मजूर लावायचा तर पैसे कुठून. सासूबाई ‘जा’ म्हणाल्या तरी त्यांच्या डोक्यावर काय पडतंय ते ओळखून बोल. मी पाहिलंय, ज्या बायका हे आधी उघड बोलतात त्यांचं शिक्षण सहसा मध्येच सुटत नाही. ‘नंतर बघू’ म्हणून ज्या येतात, त्या दिवाळीत घरी गेल्या की परत येत नाहीत. लेकरू फोनवर रडेल. तूही रडशील. वसतिगृहातल्या निम्म्या जणी रात्री तेच करत असतात, आणि सकाळी सातच्या ड्युटीला केस नीट बांधून उभ्या असतात.

कागद आजपासून जमवायला घे, कारण प्रवेशाची जाहिरात आली की हातात थोडेच दिवस असतात. तुझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तेव्हा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र आधी करून ठेव. अधिवासाचा दाखला काढ. राखीव प्रवर्गातली असशील तर जात पडताळणीला वेळ लागतो, आणि ती माहेरच्या कागदांवर होते, सासरच्या नाही. वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल लागेल. अनुसूचित जाती-जमातीला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, बंजारा वगैरे विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या, ओबीसींना १९६७ च्या. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरायची, तिलाही हेच लागतं. पोळ्याला माहेरी जाशील तेव्हा भावाला घेऊन तहसीलला जा. जुन्या नोंदी शोधायला एक दिवस पुरत नाही, दोन दिवस काढूनच जा.