वर्षायू कोनिगिया आणि हिमालयातील मूलद्रव्ये

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औद्भिद द्रव्यांचे वनस्पती, वानस्पत्य, वीरुध व ओषधी असे चार प्रकार वर्णिले आहेत. फळ पक्व होताच जिचा अंत होतो ती ओषधी. या व्याख्येत तंतोतंत बसणारी, परंतु चिकित्सेत व्यवहारात नसलेली एक वनस्पती आम्ही येथे मुद्दाम अभ्यासास घेत आहोत.

कोनिगिया आयलँडिका ही चुक्र व रेवंदचिनी यांच्या कुलातील. उंची जेमतेम काही सेंटिमीटर, खोड लालसर, फुले बारीक व हिरवट-पांढरी. आइसलँड, ग्रीनलँड, नॉर्वे येथील ओलसर खडीवर ती उगवते, तशीच हिमालयाच्या उंच भागातही आढळते. लिनियसने १७६७ साली आपला शिष्य योहान कोनिग याच्यावरून तिचे नामकरण केले. हा कोनिग १७६८ मध्ये तामिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे वैद्य म्हणून आला. कढीपत्त्याच्या लॅटिन नावातील ‘कोनिगी’ तो हाच.

हिमप्रदेशातील उन्हाळा काही आठवड्यांचाच. तेवढ्या अवधीत अंकुरापासून बीजापर्यंतचा प्रवास पुरा झाला नाही, तर त्या वर्षीची पिढी वाया जाते. म्हणून तेथे वर्षायू वनस्पती विरळा. बहुतेक वनस्पती बहुवर्षायू असून अन्न जमिनीखाली साठवतात व पुढील वर्षी तेथूनच फुटतात. कुटकी, अतिविषा, जटामांसी, कुष्ठ ही सारी याच वर्गातील, आणि औषधार्थ आपण घेतो ते नेमके हे साठवणीचेच अंग. कोनिगिया बी टाकून मरते. कुटकी मात्र मुळासकट उपटली की पुढील वर्षांचा संचयच जातो.

आरोग्यवर्धिनीत इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी कुटकी पडते, हे लक्षात घेतल्यास मागणीचा भार कळतो. वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कुटकी व जटामांसी १९९७ पासून आहेत. कुष्ठ १९८५ पासून पहिल्याच, अधिक कडक परिशिष्टात आहे.

आमच्या मते केवळ भाव व कडूपणा पाहून माल घेणे पुरेसे नाही. माल लागवडीचा की रानातला, बी पक्व झाल्यावर काढलेला की आधी, कोंब असलेले तुकडे पुन्हा लावले का, हे पुरवठादारास विचारावे व उत्तर खरेदीच्या नोंदीत लिहून ठेवावे. लागवडीचा माल महाग पडतो, हे आम्ही जाणतो. तो फरक औषधाच्या किमतीत धरावा, कुटकीच्या प्रमाणात नव्हे.