सौम्य आम्ल, सौम्य आम्लारी आणि मोठा तलाव

आम्ल आणि आम्लारी एकत्र आली की क्षार व पाणी तयार होते आणि दोघांचाही जोर नाहीसा होतो, हे आपण पाठ केलेले असते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा यांच्या बाबतीत ते जवळजवळ अक्षरशः खरे आहे. परंतु निसर्गात अशा पहिलवानांची गाठ क्वचितच पडते. तेथे झुंजतात ते बहुधा दोन दुबळे, आणि त्यांची कुस्ती कधीच पुरती निकाली होत नाही.

व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्ल घ्या. त्याच्या विरळ द्रावणात शंभर रेणूंपैकी एखादाच आपला हायड्रोजन आयन सोडून देतो. अमोनियाही तितकाच संकोची. ही दोन सारख्या प्रमाणात मिसळली म्हणजे आम्ल आपला आयन अमोनियास देते. पण अमोनिअम झालेला अमोनिया तो अधूनमधून परतही करतो. देणे आणि परत करणे यांचा वेग सारखा झाला की समतोल साधला. बाहेरून सारे स्तब्ध भासते. आत देवघेव अखंड चालू असते. हिशेब केल्यास हजार रेणूंपैकी पाच-सहा तसेच उरलेले आढळतात. येथे दोघांचे बळ जवळजवळ सारखे असल्यामुळे द्रावणाचे पी. एच. मूल्य 7 च्या आसपास राहते. एक बलवत्तर असता तर द्रावण त्याच्याकडे झुकले असते. ‘उदासिनीकरण’ हा शब्द, मला वाटते, म्हणूनच थोडा फसवा आहे.

कोटरा सुल्तानाबादच्या मुलांना असा समतोल पाहण्यास लांब जावयास नको. भदभद्याच्या वाटेने गेले की मोठा तलाव लागतो. अकराव्या शतकात राजा भोजाने तो बांधविला असे मानतात. भदभद्याचे दरवाजे 1965 सालचे. या पाण्यात हवेतून व जलचरांच्या श्वासातून आलेले कार्बोनिक आम्ल असते, आणि जेथे सांडपाणी मिसळते तेथे अमोनियाही असतो: दोघेही सौम्य.

आता गंमत पाहा. अमोनिअम आयन माशांना फारसा बाधत नाही. मुक्त अमोनिया मात्र विषारी आहे. 25 अंश सेल्सिअस तापमानास पी. एच. 7.25 असता एकूण अमोनियापैकी शंभरात एकच भाग मुक्त असतो. 8.25 ला तो नऊ होतो, 9.25 ला तर निम्मा! शेवाळ माजलेल्या पाण्यात हा चढ एका दिवसातही होऊ शकतो. उन्हात शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, आम्ल घटते, पी. एच. चढतो आणि समतोल मुक्त अमोनियाकडे सरकतो. रात्री श्वसनाने आम्ल पुन्हा वाढते व तो माघारी फिरतो. सांडपाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो, तरी सकाळी निर्धोक असलेले पाणी दुपारी माशांच्या जिवावर उठते. उन्हाळ्यात पाणी तापले की मुक्त भाग आणखी वाढतो.

म्हणून नमुना घेताना बाटलीवर नुसते ठिकाण लिहून भागत नाही. वेळ व तापमानही लिहावे लागते, आणि पी. एच. तर तलावाच्या काठावरच मोजावा लागतो. प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतला समतोल बदललेला असतो.